धूर बाहेर, माणूस घरात

(पोलादपूर येथे वाचनवर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



गेल्या खेपेस वर्ग सुटला तेव्हा एका बाईंनी आम्हांला दारात गाठले. इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "गुरुजी, आमचे सासरे घरात विडी ओढतात. मांडीवर लहान मूल आहे. त्यांना सांगावं तरी कसं?"

आम्ही म्हणालो, "पुढच्या खेपेस बोलू."

बाईंना वाटले असेल, गुरुजींनी टाळले. खरे सांगायचे तर आम्ही टाळलेच. कारण हा प्रश्न आमच्याही घरातला होता. आम्हांला तो सोडवायला पुष्कळ वर्षे लागली, आणि सोडवताना आमची चूकही झाली. म्हणून आज आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. तीत आमची फजिती आहे. पण दुसऱ्याला उपयोग होणार असेल, तर फजिती झाकून काय करायची?

आमचे दादा

आमचे गाव सावित्रीच्या खोऱ्यात. आम्ही लहान असतानाच वडील गेले. थोरले दादा तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. ते मुंबईला गेले आणि कापडाच्या गिरणीत लागले. परळला गाववाल्यांची एक खोली होती. तीत पंधरा-वीस माणसे राहत. सगळी एकदम मावत नसत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर झोपे.

त्या खोलीतून दर महिन्याला मनीऑर्डर येई. आमच्या वह्या तिच्यावर, आमचे सदरे तिच्यावर, आमची मॅट्रिकची फी तिच्यावर. आम्ही मास्तर झालो, पुढे मुख्याध्यापक झालो. ते सगळे दादांच्या घामावर. स्वतः दादा मात्र शाळेत गेले नाहीत. मनीऑर्डरीचा फॉर्म ते दुसऱ्याकडून लिहून घेत आणि खाली अंगठा उठवीत.

विडी लागली ती त्याच खोलीत. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून एक. घरची आठवण आली म्हणून एक. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटलाच नाही. हजारो माणसे गावाकडे परतली. त्यांत आमचे दादाही आले. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि विडी. दिवसाला एक बंडल. पंचवीस विड्या.

आता आमचे बघा. शाळेत आम्ही मुलांकडून शपथ घेत होतो, "आम्ही तंबाखूला शिवणार नाही." आणि घरी येऊन दादांच्या शेजारी जेवायला बसत होतो. त्यांच्या विडीचा धूर आमच्या ताटावरून जात होता. आम्ही एक शब्द बोललो नाही. ज्यांनी आम्हांला शिकवले, त्यांना आम्ही काय शिकवायचे?

पावसातले घर

आमच्याकडचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. महाबळेश्वरचा डोंगर आपल्या उशाला. आषाढ-श्रावणात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. ओटीवर झड येते. खिडक्या लावून घ्याव्या लागतात. उन्हाळ्यात दादा अंगणात विडी ओढत. पाऊस लागला की ते माजघरात येत, आणि विडीही आत येई.

२०२१ सालचा जुलै तुम्ही विसरला नसाल. २२ जुलैला महाडात पुराचे पाणी शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. किती माणसे गेली ती आपण पाहिली. आपल्या पोलादपुरातही दरडी आल्या. आमचा मुलगा महाडला औद्योगिक वसाहतीत कामाला. त्याची खोली तळमजल्यावर. पाणी गेले आणि चिखल राहिला. भांडीकुंडी, अंथरुणे, मुलांची पुस्तके, सगळे गेले. माणसे वाचली हेच पुष्कळ. रस्ता सुरू झाल्यावर तो, सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू आमच्याकडे राहायला आले.

घर भरले. खिडक्या बंद. बाहेर पाऊस, आत ओले कपडे वाळत घातलेले. आणि माजघराच्या कोपऱ्यात दादांची विडी. नातवाची छाती आधीपासून थोडी वाजत असे. आता ती रात्रभर वाजू लागली. पोर उठून बसे. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाई. सूनबाई त्याला खांद्यावर घेऊन पडवीत फेऱ्या घाली.

दवाखान्यातले खोटे

पोराला घेऊन आम्ही महाडला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली. यंत्राने औषधाची वाफ दिली. मग विचारले, "घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का?"

सूनबाईने आमच्याकडे पाहिले. आम्ही भिंतीकडे पाहिले. ती मान खाली घालून म्हणाली, "नाही."

मंडळी, पस्तीस वर्षे आम्ही फळ्यावर लिहिले, "नेहमी खरे बोलावे." आणि त्या दिवशी आमच्यादेखत आमच्या सुनेला खोटे बोलावे लागले. चुलतसासऱ्यांचे नाव डॉक्टरांपुढे कसे घ्यावे, ही तिची अडचण. दोष तिचा नव्हता. घरातला कर्ता पुरुष तिथे उभा होता. बोलायचे त्याने होते. तो गप्प बसला. आणि डॉक्टरांना आजाराचे कारणच कळले नाही, तर ते औषध तरी कशावर देणार?

डॉक्टर शहाणे होते. पोराच्या सदऱ्याला वास येत असावा. ते एवढेच म्हणाले, "कोणी ओढत असेल, असं धरून सांगतो." मग त्यांनी सांगितले. त्यानंतर आम्हीही थोडे वाचले. ते दोन्ही मिळून सांगतो.

धूर कोठे जातो?

विडी म्हणजे टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली तंबाखू. सिगारेटपेक्षा तिच्यात तंबाखू कमी असते. म्हणून कोणी म्हणतात, विडी बरी. ते खरे नाही. विडी लवकर विझते. ती विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात. विष सिगारेटइतके, कधी त्याहूनही जास्त जाते.

विडीचा धूर दोन वाटांनी घरात पसरतो. ओढणारा तोंडातून सोडतो तो एक. दोन झुरक्यांच्या मध्ये विडी नुसती हातात जळत असते, तेव्हा तिच्या टोकातून निघतो तो दुसरा. घरातल्यांच्या छातीत जाणारा बहुतेक धूर हा दुसरा. म्हणजे ओढणारा एक आणि ओढणारी सगळी! तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक द्रव्ये असतात. त्यांतल्या सुमारे सत्तर द्रव्यांनी कर्करोग होतो.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेते. त्याची छातीही कोवळी असते. या धुराने त्याचा दमा उसळतो, छाती भरते, कान फुटतो. तान्ह्या बाळाला झोपेतच धोका होतो. गरोदर बाईच्या श्वासात हा धूर गेला, तर मूल कमी वजनाचे होण्याचा संभव वाढतो. मोठ्यांना हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

हे कोणी उगीच ठरवलेले नाही. जपानात ताकेशी हिरायामा नावाचे एक शास्त्रज्ञ होते. स्वतः कधी न ओढणाऱ्या एक्याण्णव हजारांहून अधिक बायकांची त्यांनी चौदा वर्षे नोंद ठेवली. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष छापला. ज्यांचे नवरे फार सिगारेटी ओढत, त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होत होता. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की दुसऱ्याच्या धुराने जगात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मरतात. ती स्वतः ओढणारी नव्हेत, शेजारी बसणारी.

आपल्या देशात २०१६-१७ साली सरकारने मोठी पाहणी केली. तेव्हा दर १०० प्रौढ माणसांमागे सुमारे ३९ जण घरातच दुसऱ्याचा धूर घेत होते असे दिसले. तेव्हा बाई, तुमचे घर एकटे नाही. आमचेही नव्हते.

आम्ही पाटी लावली

दवाखान्यातून आलो तो आमच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. एक पुठ्ठा घेतला. शाईने ठळक अक्षरांत लिहिले, "घरात धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे." पुठ्ठा माजघराच्या दारावर ठोकला. तोंडाने बोलायची हिंमत नव्हती म्हणून पाटीला बोलायला लावले.

संध्याकाळी दादा गोठ्यातून आले. पाटीकडे पाहत उभे राहिले. मग नातीला म्हणाले, "बाय, काय लिवलंय गं ते?"

नातीने शाळेत वाचतात तसे मोठ्याने वाचले. सगळे घर ऐकत होते.

दादांनी कोपऱ्यातली काडेपेटी उचलली. घोंगडी घेतली. पावसात गोठ्यात जाऊन बसले. त्या रात्री ते जेवायला आले नाहीत.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाने अंगठा उठवून आम्हांला अक्षरे दिली, त्याच अक्षरांनी आम्ही त्याला मारले. आणि तेही एका पोरीच्या तोंडून. तुम्ही मंडळी इथे अक्षरे शिकायला येता. म्हणून हे मुद्दाम सांगतो. अक्षर हाती आले म्हणून ते आपल्या माणसावर उगारू नये.

गोठ्यातले बोलणे

रात्री पाटी काढली. कंदील घेऊन गोठ्यात गेलो. दादांच्या शेजारी बसलो.

"दादा, चुकलो."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला घराबाहेर काढायचं होतं तर तोंडानं सांगायचंस. पोरीकडनं कशाला वाचवलंस?"

"तुम्हांला बाहेर काढायचं नाही, दादा. विडीला काढायचं आहे."

मग सगळे सांगितले. दवाखाना सांगितला. सूनबाई खोटे बोलली तेही सांगितले. दादा म्हणाले, "आपण चुलीच्या धुरात वाढलो. काय झालं आपल्याला?"

आम्ही म्हणालो, "आईला शेवटी पायरी चढवत नव्हती. आठवतं?"

ते गप्प झाले. जन्मभर चूल फुंकून आईची छाती गेली होती. तेव्हा आम्हांला ते कळले नव्हते. मग ते म्हणाले, "तुझी वहिनी घरात तव्यावर मशेरी भाजते. तिला नाही बोललास."

हे मात्र खरे होते. मशेरी म्हणजे तंबाखूच. ती भाजतानाचा ठसका सगळ्या घरात जातो. आम्ही म्हणालो, "वहिनींनाही सांगतो." तेव्हा दादा थोडे हसले. बहुधा आमची कीव आली असावी.

मग आम्हांला एक गोष्ट सुचली. आम्ही विचारले, "दादा, गिरणीत खात्यात विडी ओढता यायची का?"

"खुळा का काय तू? चहूकडे कापूस. एक ठिणगी पडली तर खातं पेटलं असतं. काडेपेटीसुद्धा आत नेऊ देत नसत."

"मग ओढायची झाली तर?"

"बाहेर जायचं. ओढायची आणि परत यायचं."

आम्ही म्हणालो, "दादा, पोराची छाती कापसासारखीच आहे."

दादांनी उत्तर दिले नाही. गुरे रवंथ करीत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "पावसात बसू कुठं?"

मंडळी, हा प्रश्न नव्हता. हा होकार होता.

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी मुलाने आणि आम्ही खळ्याच्या कडेला चार मेढी रोवल्या. वर पत्रा टाकला. खाली जुना बाक ठेवला. घरापासून वीस पावले दूर. दाराखिडक्यांतून धूर परत आत येऊ नये म्हणून दूर. थोटकांसाठी वाळूचे डबडे ठेवले.

दादांनी विडी सोडली का? नाही. खोटे सांगणार नाही. पण दर वेळी उठायचे, घोंगडी घ्यायची, वीस पावले जायचे, याचा कंटाळा येऊ लागला. पंचवीस विड्यांच्या बारा झाल्या, मग आठ-दहा झाल्या. एकदा पौषातल्या थंडीत त्यांनी पहाटे घरातच काडी ओढली. वहिनी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "कापूस पेटंल." दादा निमूट बाहेर गेले. वहिनींची मशेरी सुटलेली नाही. पण घरात भाजणे बंद झाले.

नातवाचा दमा गेला का? तोही गेला नाही. दम्याला कारणे पुष्कळ असतात. औषधाचा पंप त्याला लागतो. पण छाती वाजण्याच्या रात्री कमी झाल्या. पुढच्या वेळी आम्ही डॉक्टरांना सगळे खरे सांगितले. सांगताना आम्हीच सांगितले, सूनबाईला सांगावे लागले नाही.

आणि एक. दादा मांडवात बसले की आम्ही पेपर घेऊन जातो. विडी विझली की शेजारी बसून त्यांना वाचून दाखवतो. सुरुवातीला ते म्हणत, "मला वाळीत टाकलंस." आता तसे म्हणत नाहीत. मथळ्यातली दोन-चार अक्षरे बोटाने दाखवून विचारतात, "हा म ना रे?"

तुम्ही काय करावे?

कायदा आहे. २००३ साली तंबाखूचा कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपान बंदीचे नियम कडक झाले. एस.टी.त, स्टँडवर, शाळेत, दवाखान्यात ओढले तर २०० रुपयांपर्यंत दंड होतो. पण कायदा उंबरठ्यापाशी थांबतो. घरात शिपाई येत नाही. घरात आपणच आपल्याशी बोलायचे असते. कसे बोलावे ते आमच्या चुकांवरून सांगतो.

सुनेवर हे काम टाकू नये. मुलाने आपल्या बापाला सांगावे. भावाने भावाला सांगावे. सासूने सांगावे. जो ओढणाऱ्याच्या जवळचा, त्याने सांगावे. चारचौघांत सांगू नये. रागाच्या भरात सांगू नये. एकटे गाठून, शेजारी बसून सांगावे.

पहिल्याच दिवशी "विडी सोडा" म्हणू नये. "घरात नको" एवढेच मागावे. लहान मागणे लवकर मिळते. ओढणारा म्हणेल, मला राहवत नाही. तेव्हा त्याला आठवण द्यावी, की पोलादपूरहून मुंबईला एस.टी.ने जाताना काही तास विडीवाचून जातातच ना?

खिडकी उघडली किंवा दुसऱ्या खोलीत ओढली म्हणून भागत नाही. धूर कपड्यांत, अंथरुणात, भिंतीत राहतो. ओढून आल्यावर हात-तोंड धुवावे, सदरा बदलावा, मग मूल घ्यावे. मुलांना दुकानात विडी आणायला पाठवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे. पाहुणा आला तर त्यालाही नम्रपणे बाहेरची जागा दाखवावी. आणि ओढणाऱ्यासाठी बाहेर आडोसा करावा, बसायला काही ठेवावे. माणूस ओल्यात उभा राहिला, तर तो परत आत येणारच.

ज्या घरात बोलले तर मार मिळतो, तिथे एकटीने बोलू नये. गावातल्या आशाताईला किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना मध्ये घ्यावे. त्यांचे म्हणणे पुष्कळदा ऐकले जाते.

आणि ज्याला सोडायचीच आहे, त्याला मदत मिळते. सरकारचा फोन क्रमांक आहे, १८००-११-२३५६. त्याला पैसे पडत नाहीत. या सेवेचे एक केंद्र मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडेही आहे. तंबाखू सोडताना पहिले काही दिवस चीडचीड होते, झोप लागत नाही. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारू नयेत. जेवायला चांगले करून घालावे.

बाई, तुम्ही विचारले होते, सांगावे तरी कसे? आमचे उत्तर असे. आधी तुमच्या नवऱ्याला हे भाषण वाचून दाखवा. तुम्हांला आता वाचता येते. मग त्याला म्हणा, "तुम्ही तुमच्या वडिलांशेजारी जाऊन बसा." पाटी लावू नका. म्हाताऱ्या माणसाने आपल्यासाठी केलेले आधी बोला, मग आपले मागणे मागा.

धूर घराबाहेर जाऊ द्या. माणूस मात्र घरातच राहिला पाहिजे.